सांदवाडी
सांदवाडी : घरामागे किंवा घराच्या बगलेस कुंपण घालून राखलेली व मुख्यतः घरच्या भाजीपाल्यासाठी कसली जाणारी बाग. महाराष्ट्राच्या इतर भागांत जिला परस किंवा परसबाग म्हणतात, तीच पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत, विशेषतः चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड, ब्रह्मपुरी व सिंदेवाही या तालुक्यांत आणि वैनगंगेपलीकडील गडचिरोली जिल्ह्यात, सांदवाडी किंवा नुसती वाडी या नावाने ओळखली जाते. सांद म्हणजे दोन घरांमधील किंवा घर व कुंपण यांमधील अरुंद जागा. वाडी हा शब्द संस्कृत ‘वाटिके’वरून आला असून त्यात कुंपणाचा अर्थ अभिप्रेत आहे. नावातील हे दोन्ही घटक अर्थपूर्ण आहेत. सांदवाडी ही आकाराने अरुंद व कुंपणाने बंदिस्त असते. कुंपण गेले की ती सांदवाडी राहत नाही.

झाडीपट्टीचा इतिहास सांगताना भात, तलाव व जंगल या तीन गोष्टींचा विचार सामान्यतः केला जातो. तिन्हींवर राज्यकर्त्यांचा डोळा होता. त्यामुळे तिन्हींची कागदोपत्री नोंद विपुल आहे. सांदवाडीची नोंद मात्र फारशी सापडत नाही. याचे कारण तिचे महत्त्व कमी होते हे नसून तिच्यावर सारा नव्हता, हे आहे. जी जमीन सरकारला काही देत नाही, ती सरकारी कागदात दिसत नाही. सांदवाडीचा इतिहास म्हणूनच बराचसा अप्रत्यक्ष पुराव्यावरून, म्हणजे करांच्या सवलती, गावठाणाचे नियम व जमीनविषयक कायदे यांवरून जुळवावा लागतो.

घरालगतच्या उत्पन्नावर राज्यसत्तेने कधी हक्क सांगितलाच नाही, असे मात्र नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राज्याच्या उत्पन्नाची साधने सांगताना फुलांच्या व फळांच्या बागा, भाज्यांचे मळे आणि कंदमुळांची लागवड यांचा एकत्रित उल्लेख येतो. विदर्भातील वाकाटकांच्या ताम्रपटांत दान दिलेल्या गावांना ज्या सवलती दिल्या आहेत, त्यांत फुले व दूध पुरविण्याच्या सक्तीतून सूट ही एक आहे. दुसरा प्रवरसेन याच्या चम्मक (जि. अमरावती) येथील ताम्रपटात ती आढळते. सवलत दिली जाते त्याअर्थी दान न दिलेल्या गावांतून या वस्तू गोळा होत असल्या पाहिजेत. भाजीचा स्वतंत्र निर्देश या सवलतींत नाही; परंतु अंगणात व परसात पिकणाऱ्या जिनसांपर्यंत अधिकाऱ्यांचा हात पोहोचत होता, एवढे त्यावरून दिसते.

मराठी मुलखात गावाच्या जमिनीचे काळी व पांढरी असे दोन भाग मानीत. काळी म्हणजे कसण्याची, पांढरी म्हणजे वस्तीची. पिढ्यान्‌पिढ्यांची चुलीतील राख, मातीच्या पडक्या भिंती व गुरांचे शेण मिसळून वस्तीची माती फिकट व भुसभुशीत होते, त्यावरून हे नाव पडले. चांद्याचे गोंड राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे आले. भोसल्यांच्या राज्यात ‘पांढरी’ नावाचा एक करही होता. परंतु तो जमिनीवर नसून शेतसारा न देणाऱ्या व्यापारी व कारागीर लोकांवर होता. शेतकरी सारा भरी तो काळीचा. पांढरीतील त्याचे घर व घरामागचा तुकडा त्यातच सुटे. १८५३ मध्ये रघूजी तिसरा निपुत्रिक वारल्यावर नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला व त्यात चांदा जिल्ह्याचा समावेश झाला. ल्यूसी स्मिथ या अधिकाऱ्याने केलेल्या चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल १८६९ चा आहे. या जमाबंदीने गावोगावी मालगुजार हे जमिनीचे मालक ठरले. तथापि गावठाणाची जमीन, जिला मध्य प्रांतात आबादी म्हणत, सारामाफ राहिली आणि गावात शेती करणाऱ्या कुळाला घरापुरती जागा आबादीत मोफत मिळावी, हा रिवाज पुढे कायद्यानेही मान्य केला. भाताच्या बांधीचा खंड देणारे कूळ सांदवाडीपुरते मात्र खंडातून मोकळे होते. नकाशावर सबंध आबादीला एकच क्रमांक असे. आतील घरे, गल्ल्या व वाड्या यांच्या सीमा त्यात दाखवीत नसत. त्या सीमा शेजाऱ्यांच्या आठवणीत व बोरीबाभळीच्या काट्यांत असत.

या व्यवस्थेची खरी कसोटी स्वातंत्र्यानंतर लागली. मध्य प्रदेशाच्या १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन अधिनियमाने १९५१ पासून मालगुजारी नष्ट झाली आणि गावांतील जंगल, पडीक जमीन व तलाव सरकारजमा झाले. कोहळी समाजाने व मालगुजारांनी बांधलेल्या तलावांची मालकी या एका कायद्याने बदलली. त्यांची देखभाल कोणी करावी, हा त्यातून उद्भवलेला प्रश्न झाडीपट्टीत आजही मिटलेला नाही. याच अधिनियमाच्या पाचव्या कलमात मात्र एक महत्त्वाचा अपवाद आहे. गावठाणातील ज्या मोकळ्या कुंपणबंद जागा शेतीच्या किंवा घरगुती कामासाठी वापरात आहेत आणि १९४८–४९ पूर्वी सलग बारा वर्षे ताब्यात आहेत, त्या ज्यांच्या त्यांच्याकडेच राहतील, असे त्यात म्हटले आहे. त्यांतील विहिरी व झाडेही त्यांचीच राहिली. तलाव, जंगल व पडीक जमीन यांची मालकी बदलली. सांदवाडीची बदलली नाही. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, १९८२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. या कोणत्याही बदलाने कुंपण हलले नाही.

कायद्याने कुंपणाला एवढे महत्त्व द्यावे, याचे कारण या भागाच्या शेतीच्या पद्धतीत आहे. भात कापून खळ्यावर आल्यावर बांध्या गावच्या गुरांना मोकळ्या होत. मार्गशीर्षापासून मृगापर्यंत गावात बंदिस्त अशी जमीन म्हणजे सांदवाड्याच. कुंपणासाठी बांबूच्या ताट्या, सिंदीच्या फांद्या, बोरीच्या काट्या वापरतात. हे सारे निस्तार हक्काने गावाजवळच्या जंगलातून येई. जंगलातील बांबूवर निर्बंध आले की त्याचा परिणाम भाजीवर होई, हा संबंध बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही.

नागभीड परिसरात वर्षाला सरासरी १,२०० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. परंतु त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतो. उन्हाळ्यात पारा ४५° से.च्या पुढे जातो. विसाव्या शतकाच्या पहिल्या पावशतकात नागभीडजवळ घोडाझरीचा मोठा तलाव बांधला गेला. हा तलाव काय किंवा गावोगावचे तलाव व बोड्या काय, त्यांचे पाणी भातासाठी. सांदवाडीला पाणी मिळते ते पावसाचे, विहिरीचे व न्हाणीचे. या तीन पाण्यांवरून तिचे तीन हंगाम ठरले आहेत.

सांदवाडीचे वर्ष मृग नक्षत्राने सुरू होते. त्यापूर्वी रोहिणीत खातकुड्यातील कुजलेले शेणखत पसरून माती खणतात व कुंपण नीट करतात. मृगाच्या सरीबरोबर वेलभाज्यांच्या बिया आळ्यांत टोचतात : दोडका, कारले, काकडी, दुधी, पडवळ, वाल आणि कोहळे. येथे कोहळे म्हणजे लाल भोपळा. दोडक्याला व वालाला बांबूचा मांडव लागतो. दुधी व कोहळे यांचा वेल मात्र कवेलूंच्या छपरावर सोडतात. जागा अरुंद असल्यामुळे छप्पर हा सांदवाडीचाच एक भाग मानला जातो. कुंपणाच्या कडेने मका व अंबाडी, मधल्या सरीत भेंडी, गवार व बरबटी (चवळी) आणि न्हाणीचे पाणी वाहते तेथे धोपा. धोपा म्हणजे अळू. त्याच्या कंदाला कोचई म्हणतात. धोप्याला पाणथळ मानवते, इतर भाज्यांची मुळे कुजतात. म्हणून जोराच्या पावसाच्या या प्रदेशात वाफे उंचावर करण्याची काळजी घ्यावी लागते.

हा हंगाम चवीपेक्षा गरजेचा आहे. आषाढ–श्रावणात रोवणीचे काम चालते. स्त्रिया दिवसभर चिखलात असतात, घरातले जुने तांदूळ संपत येतात आणि हलके धान हाती येण्यास आश्विन उजाडतो. या मधल्या दोनअडीच महिन्यांत मक्याची कणसे, काकडी, अंबाडी व कोहळे यांनी पानातील तूट भरून काढली जाते. पोटभर भात नसलेल्या घरात भाजी ही तोंडीलावणे न राहता जेवणच होते. जंगलही या काळात देते : बांबूचे कोवळे कोंब म्हणजे वास्ते, वारुळांवर उगवणाऱ्या सात्या (अळिंबी), तरोटा, कुड्याची फुले. सांदवाडी व रानभाजी या दोन स्वतंत्र गोष्टी नसून एकाच पुरवठ्याची दोन टोके आहेत. एका टोकाला पाऊल टाकता येईनासे झाले की दुसऱ्यावर भार पडतो. अलीकडील वर्षांत ब्रह्मपुरी वनविभागात वाघांची संख्या वाढली असून जंगलात गेलेल्या माणसांवर हल्ले होण्याचे प्रसंग वारंवार घडतात. रानभाजीला एकटीदुकटी बाई पूर्वीसारखी जात नाही. तिची कमतरता घराजवळच भरून काढावी लागते.

भाद्रपदातील ऋषिपंचमीचे व्रत या संदर्भात लक्षणीय आहे. त्या दिवशी बैलाच्या श्रमाने पिकलेले काही खात नाहीत. हाताने खणून लावलेल्या भाज्या व नांगराविना आलेले धान्य चालते. व्रताचा धार्मिक अर्थ काहीही असो, नांगराची शेती व कुदळीची शेती यांतील भेद त्यात शाबूत राहिला आहे. नांगर पुरुषाचा, कुदळ व खुरपे बाईचे. सांदवाडीत बैल शिरत नाही. तिथे काय लावायचे, बी कोणते राखायचे आणि शेजारणीला काय द्यायचे, हे घरातील स्त्री ठरवते. शेताच्या सातबाऱ्यावर जिचे नाव क्वचितच लागे, तिचा जमिनीवरील प्रत्यक्ष ताबा येथे होता. वेलावरील पहिले जोमदार फळ न तोडता वाळू देणे, त्याचे बी राखेत घोळून आढ्याला बांधून ठेवणे, ही निवडीची कामे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. नागभीड तालुक्यातीलच नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये ‘पटेल ३’ या भाताच्या पिकात वेगळ्या दिसलेल्या काही लोंब्या वेचून, त्यांचे बी वेगळे राखून ‘एचएमटी’ हे वाण सिद्ध केले. ते भाताचे काम होते, भाजीचे नव्हे. परंतु चार झाडे वेगळी ओळखून जपण्याची ही रीत या परिसरातील सांदवाडीला अपरिचित नव्हती.

दुसरा हंगाम दसऱ्यानंतरचा. वांगी व मिरची यांची रोपे पावसातच लावलेली असतात. त्यांना कार्तिकापासून फळ धरते. मेथी, पालक, मुळा, लसूण, कांदा, सांभार (कोथिंबीर), भेदरे (टोमॅटो) आणि वालवर्गातील ‘पोपट’ या शेंगा ही या हंगामाची पिके. यांपैकी मिरची पोर्तुगीजांमार्फत सोळाव्या शतकात भारतात आली व लवकरच इतकी रुळली, की ती परदेशी होती हे कोणाच्या ध्यानी राहिले नाही. टोमॅटो व फुलकोबी यांचा प्रसार इंग्रजी अमदानीतला. याच सुमारास भाताच्या बांध्यांत ओलीवर फेकलेली लाखोळी उगवून येते. तिचे कोवळे शेंडे भाजीसाठी खुडतात व वाळवूनही ठेवतात. लाखोळीच्या डाळीच्या विक्रीवर दीर्घकाळ असलेली बंदी महाराष्ट्र शासनाने २००८ मध्ये उठविली.

हिवाळी सांदवाडीला पाणी घालावे लागते आणि येथे गावातील विषमता उघड होते. पावसाळी वेल कोणाच्याही दारी चढतो. वांगी व मेथी मात्र ज्याच्या आवारात विहीर किंवा जो विहिरीवर जाऊ शकतो त्याचीच. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींना सार्वजनिक विहिरी व तलाव बंद असण्याचा अर्थ केवळ पिण्याच्या पाण्यापुरता नव्हता. त्यांच्या सांदवाड्या कार्तिकातच वाळून जात. भारतीय संविधानाने १९५० मध्ये व अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने १९५५ मध्ये हा मज्जाव बेकायदा ठरविला. प्रत्यक्षात फरक पडला तो हातपंप व नळ वस्तीत आल्यावर.

व्यापारी भाजीपाला हा सांदवाडीपासून वेगळा व्यवसाय होय. तो तलावांच्या पोटाशी व नदीकाठी माळी आणि मरार या समाजांच्या हाती होता. नागभीडला १९०८ ते १९१३ या काळात बंगाल–नागपूर रेल्वेचे अरुंदमापी फाटे येऊन मिळाले : एक नागपूरहून उमरेड–भिवापूरमार्गे, दुसरा गोंदियाहून, तिसरा चांद्याकडे जाणारा. टोपलीभर भाजी नागपूरपर्यंत नेणे त्यामुळे शक्य झाले आणि परसातील जास्तीची वांगीही विकण्याजोगी झाली. भिवापूरची मिरची याच मार्गावरची. नागपूर–नागभीड ही अरुंदमापी गाडी रुंदीकरणासाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद करण्यात आली.

तिसरा हंगाम उन्हाळ्याचा. त्याला हंगाम म्हणावे की नाही हा प्रश्नच आहे. न्हाणीच्या पाण्यावर चवळाई, खोडवा राखलेली वांगी व एखादा काकडीचा वेल तग धरतो. मुंगना (शेवगा) पाण्यावाचून शेंगा देतो. पाखे धरून वाळवलेली हिवाळी भाजी व छपराखाली टांगलेले कोहळे यांवर बाकीचे भागते. मोहफुले व तेंदूपाने वेचण्याचे दिवस हेच. शिवाय चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील अनेक कुटुंबे फेब्रुवारीनंतर मिरची तोडण्यासाठी तेलंगणात जातात. सांदवाडी पाण्याअभावी जितकी सुकते, तितकीच माणसांअभावीही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा यांपैकी बरेच मजूर तेलंगणातच अडकून पडले होते. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने महिला बचत गटांमार्फत पोषण परसबागांची मोहीम हाती घेतली. वर्तुळाकार वाफे, सात दिवसांच्या सात भाज्या अशी तिची आखणी होती. आखणी चांगली असली, तरी घरामागच्या चिंचोळ्या जागेत वर्तुळ बसविणे सोपे नाही; अनेक ठिकाणी जुन्या सरीतच नवे बी पडले. अशा मोहिमांतून येणारे संकरित बी दुसऱ्या वर्षासाठी राखता येत नाही, ही बाब अधिक परिणाम करणारी आहे.

सांदवाडीचे क्षेत्र गेल्या काही दशकांत घटले आहे. वाटण्या होऊन भावांची घरे एकाच आवारात उभी राहिली. घरकुल योजनांनी कवेलूंच्या जागी सिमेंटचे छत आणले. त्यावर दुधीचा वेल तापून करपतो. शौचालयासाठी कोपरा गेला. उलट, नळाचे पाणी दारी आल्याने सांडपाणी वाढले व धोप्याची जागा रुंदावली. रानडुकरे व माकडे यांच्यापासून राखण करण्यासाठी बोरीच्या काट्यांऐवजी तारेची जाळी किंवा जुन्या साड्या बांधलेल्या दिसतात.

केंद्र शासनाच्या २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेनुसार गावठाणांची ड्रोनद्वारे मोजणी करून प्रत्येक मिळकतीचा नकाशा व मिळकत पत्रिका तयार करण्यात येतात. एकाच क्रमांकाखाली झाकलेल्या आबादीच्या आतील सीमा त्यामुळे कागदावर येऊ लागल्या आहेत. मिळकत पत्रिकेमुळे घर तारण ठेवून कर्ज घेता येते व सीमेचे वाद मिटविण्यास आधार मिळतो; मात्र घरामागची जी मोकळी जागा आजवर मोजली गेली नव्हती, तिचेही क्षेत्रफळ आता चौरस मीटरमध्ये नोंदले जाते. मोजणीच्या वेळी सीमा चुन्याच्या रेषेने आखून द्याव्या लागतात. भावाभावांत वाटणी न झालेल्या सांदवाडीत ही रेषा कोठून न्यावी आणि पत्रिकेवर कोणाची नावे लावावीत, हे तेथे आधी ठरवावे लागते.